उभं झाड, आडवं झाड

बाजारबोरी नावाच्या गावात एक भोळा शिपाई होता. नाव सटवा. ग्रामपंचायतीत कामाला. भोळा म्हणजे किती, तर "जरा दारात उभा राहा" म्हटलं की जेवायच्या वेळेपर्यंत उभा. कोणी "बस" म्हणायला विसरलं तर दिवेलागणीपर्यंत उभा. गावातली हुशार माणसं त्याला हसायची. गावात हुशार माणसं पुष्कळ होती. गावाची ती एक अडचणच होती.

बाजारबोरीत दर मंगळवारी मोठा बाजार भरायचा. बाजाराला लागून पंचायतीची एक मोकळी जागा होती. जागेत रस्त्याच्या कडेला एक जुनं चिंचेचं झाड आणि बाकी सगळा बाजाराचा कचरा. पोरांना खेळायला दुसरी जागा नव्हती. ती बाजारात टेम्पोंच्या मधून लपंडाव खेळायची. एका मंगळवारी मागे येणाऱ्या टेम्पोखाली मुक्ता नावाच्या मुलीचा पाय सापडला. गाव हळहळलं. सोमवारपर्यंत हळहळलं. मग पुन्हा मंगळवार आला.

सरपंच सुंद्राअक्का मात्र हळहळून थांबल्या नाहीत. त्यांनी सभा घेतली. म्हणाल्या, "त्या जागेवर बाग करू. कुंपण, झोपाळे, घसरगुंडी, बसायला बाकं. त्यासाठी बाजारात शंभराचा माल विकला की एक रुपया कर. बाकी काही नाही."

मग त्यांनी विचारलं, "बाग कोणाला हवी?"

सगळे हात वर.

"रुपया कोण देणार?"

सगळे हात खाली. काहींनी ते खिशात घातले. बाहेर राहिले तर चुकून वर जातील म्हणून.

व्यापाऱ्यांचे पुढारी पोपटशेठ गुंजाळ उठले. त्यांना त्या जागेवर कांद्याचं गोदाम बांधायचं होतं. ते म्हणाले, "आज बागेला रुपया मागतील, उद्या पोहायच्या तलावाला, परवा विमानतळाला! गरिबाची भाजी महाग होईल हो!" बोलताना त्यांचा गळा दाटून आला. आठवड्यापूर्वी त्यांनी स्वतःच कांदा किलोला दहा रुपयांनी चढवला होता. तेव्हा गळा मोकळा होता.

शेवटी ठरलं की मतदान घ्यायचं. दारूचं दुकान बंद करायला जसं उभी बाटली, आडवी बाटली असं मतदान घेतात, तसंच. कागदावर दोन चित्रं. कर हवा, बाग हवी, तर उभं झाड. नको तर आडवं झाड. पसंतीच्या झाडावर शिक्का मारायचा. उभ्या झाडाला आडव्यापेक्षा एक तरी मत जास्त पडलं पाहिजे. पडलं तर बाग. नाही तर जागा पोपटशेठांच्या गोदामाला.

मतदान रविवारी होतं. त्याआधी बाग कशी होणार ते गावाला समजावून सांगायला अक्कांनी गुरुवारी आणखी एक सभा ठेवली. त्या सटवाला म्हणाल्या, "जा, गुरुवारच्या सभेचं घराघराला सांगून ये. एक घर सोडू नकोस."

सटवा सकाळी निघाला. गाव रानात गेलेलं होतं. सटवा प्रत्येक घरासमोर उभा राहिला. "गुरुवारी सभा आहे," त्यानं दाराला सांगितलं. कुलूप असेल तिथे कुलपाला सांगितलं. वेशीजवळच्या पडक्या घराच्या दोनच भिंती उरल्या होत्या. त्यांना वेगवेगळं सांगितलं.

गुरुवारी सभेला अक्का आल्या, ग्रामसेवक वाघचौरे भाऊसाहेब आले, सटवा आला आणि एक शेळी आली.

"सटवा, सांगितलंस ना नीट?" अक्कांनी विचारलं.

"घराघराला सांगितलं, अक्का."

"मग? काय म्हणाले?"

"कोण? घरं? काही नाही म्हणाली."

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, घराला कान असतात का?"

"भिंतींना असतात म्हणतात, भाऊसाहेब."

"माणसाला सांगायचं, बाबा, माणसाला!" भाऊसाहेबांनी मतदारयादी त्याच्या हातात दिली. "हे बघ. यादीतल्या नावावर बोट ठेवायचं. तो माणूस शोधायचा. जिथे असेल तिथे गाठायचा. झोपला असेल तर गदागदा हलवायचा. रविवारी मतदान आहे म्हणायचं आणि तो 'हो' म्हणेपर्यंत सोडायचा नाही. कळलं?"

"कळलं. आता तसंच करीन," सटवा म्हणाला. आणि सटवा शब्दाचा पक्का होता.

शुक्रवारी सकाळी त्यानं यादीवर बोट ठेवलं. बोटाखाली नाव आलं धोंडीतात्या शेलार. सटवा तात्यांना शोधत निघाला. तात्या वेशीपाशीच भेटले. चौघांच्या खांद्यावर आडवे होते. पुढे मडकं धरून मुलगा चालला होता.

"थांबा, थांबा!" सटवा तिरडीला आडवा गेला. "तात्यांकडे काम आहे."

"अरे सटव्या, तात्या गेले," एक जण म्हणाला.

"कुठे गेले? हे काय इथे आहेत." सटवानं तात्यांना गदागदा हलवलं. "तात्या, ओ तात्या! रविवारी मतदान आहे. येणार ना? नुसतं 'हो' म्हणा, मग झोपा."

तिरडी हलली. मागचा खांदेकरी ओरडला, "अरे, मेलेल्या माणसाला मतदानाचं सांगतोस?"

"सांगू दे रे," दुसरा म्हणाला. "तात्यांचे वडील जाऊन बारा वर्षं झाली. मागच्या पंचायतीला ते मत देऊन गेले होते. पोपटशेठांनीच आणलं होतं त्यांना."

तात्यांच्या मुलानं मडकं खाली ठेवलं आणि सटवाच्या पाठीत दोन घातल्या. मग पुन्हा मडकं उचललं आणि म्हणाला, "अक्कल आहे का तुला? चार माणसं खांद्यावर घेऊन चालली आहेत असं दिसलं की मुकाट्यानं हात जोडायचे. फुलं वाहायची. 'माणूस फार चांगला होता' म्हणायचं. डोळ्यांत पाणी आणायचं. एवढंसुद्धा कळत नाही?"

"आता कळलं. आता तसंच करीन," सटवा पाठ चोळत म्हणाला.

शनिवारी सकाळी पोपटशेठांची मिरवणूक निघाली. पुढे ताशा. मागे आडव्या झाडाचे फलक. 'गरिबाचा रुपया वाचवा' असं त्यांवर लिहिलं होतं. फलक रंगवणाऱ्या गरिबाला अजून मजुरी मिळालेली नव्हती. चौकात कार्यकर्त्यांना जोर चढला आणि चौघांनी पोपटशेठांना खांद्यावर उचलून घेतलं.

सटवा समोरून येत होता. त्यानं पाहिलं. चार माणसं. खांद्यावर एक. तो तसाच वळला, फुलवालीच्या टोपलीतली ओंजळभर झेंडूची फुलं घेऊन आला आणि पोपटशेठांच्या पायांवर वाहिली. हात जोडले. टिपं गाळली.

"माणूस फार चांगला होता!" त्यानं हंबरडा फोडला. "शेठ, आता गोदाम कोण बांधणार हो?"

ताशा थांबला. मिरवणुकीतल्या मागच्या माणसांना पुढचं काही दिसत नव्हतं. त्यांना रडणं ऐकू आलं, फुलं दिसली. त्यांनी टोप्या काढल्या. "सकाळी तर चांगले चहा पीत होते," एक जण म्हणाला. "असंच असतं बघा," दुसरा म्हणाला. आठदहा जण परस्पर घरी गेले आणि अंघोळ करून मोकळे झाले.

पोपटशेठ खांद्यावरून खाली उतरले. घाईत एक चप्पल वरच राहिली. "गाढवा! मी जिवंत आहे!"

"शेठ, मला तर सांगितलं होतं की..."

"कोणी सांगितलं ते मरू दे. मी सांगतो ते ऐक. गर्दी दिसली आणि लोक ओरडताना दिसले की रडायचं नाही. गुलाल उधळायचा! नाचायचं! 'येऊन येऊन येणार कोण' म्हणून बोंबलायचं!" आणि त्यांनी कार्यकर्त्याच्या हातातली गुलालाची पिशवी सटवाच्या गळ्यात अडकवली.

"आता तसंच करीन, शेठ," सटवा म्हणाला.

दुपारी वरच्या आळीत पाण्याचा टँकर आला. चार दिवसांनी आला होता. साठ बायका, दीडशे हंडे आणि नळी एक. बायका एकमेकींना ढकलत होत्या. एकीचा हंडा दुसरीच्या डोक्यात, दुसरीची वेणी तिसरीच्या हातात. आरडाओरडा वेशीपर्यंत ऐकू येत होता.

सटवानं पाहिलं. गर्दी होती. ओरडाही होता. तो धावत आला.

"येऊन येऊन येणार कोण?"

"पाणी, मेल्या! आणि तेही आता संपणार!" चांगुणा नावाची बाई ओरडली.

सटवानं पिशवी उघडली आणि मूठमूठ गुलाल उधळला. हंड्यांत गुलाल. कळशांत गुलाल. ड्रायव्हरनं पाणी किती उरलं ते पाहायला टँकरचं झाकण उघडलं होतं. उरलेली पिशवी त्यात गेली. नळीतून लालभडक पाणी यायला लागलं आणि सटवा त्यात नाचायला लागला.

बायकांचं भांडण क्षणात मिटलं. सगळ्या एक झाल्या. सटवा पळेपर्यंत त्याच्या अंगावर सात हंडे आणि तीन कळशा आपटल्या होत्या. सुंद्राअक्कांनी वरच्या आळीत महिनाभर फिरून बायकांची मनं वळवली होती. "हा पंचायतीचा माणूस," बायका म्हणाल्या. "पंचायतीला पाणी नीट देता येत नाही आणि बाग देणार!" त्या एका पिशवीत उभ्या झाडाची तीसचाळीस मतं लाल झाली.

चांगुणानं सटवाला कानाला धरून उभं केलं. "भांडण दिसल्यावर गुलाल उधळतात होय रे? रांग लावायची! आणि रांगेत बाई नसली तरी चालतं, तिचा हंडा असला म्हणजे झालं. ज्याची वस्तू पुढे त्याचा नंबर पुढे. वस्तूच्या पुढे कुणाला घुसू द्यायचं नाही. सरपंच आली तरी नाही!"

"वस्तू पुढे तर नंबर पुढे," सटवा घोकत म्हणाला. "आता तसंच करीन, वहिनी."

रविवार उजाडला. मतदान शाळेत होतं. तालुक्याहून एक अधिकारी साहेब आले होते. नियमाचे फार कडक. नियमात बसलं तर घर जळू देतील आणि नाही बसलं तर पाणी मारू देणार नाहीत, असे. त्यांनी सटवाला रांगेवर उभं केलं.

बाजारबोरीची एक रीत आहे. रांगेत उभं राहायचं नाही. चप्पल ठेवायची, नंबर लावायचा आणि चहाला जायचं. रेशनच्या दुकानात असंच, दवाखान्यात असंच. मतदानालाही तसंच झालं. आठ वाजता शाळेच्या दारात बेचाळीस चपला रांगेत उभ्या होत्या आणि बेचाळीस मतदार हॉटेलात बसून लोकशाहीवर बोलत होते.

इतक्यात एक म्हातारी काठी टेकत आली. अनवाणी.

"आजी, मागे," सटवा म्हणाला. "तुमच्यापुढे बेचाळीस जण आहेत."

"कुठायत रे बाबा?"

"हे काय." सटवानं चपला दाखवल्या.

"यांना मत आहे?"

"मतांचं मला ठाऊक नाही. नंबर आहे."

आजीनं कपाळाला हात लावला आणि घरी गेली. तिच्या मागून आलेले तिघे परत गेले. मग मुक्ताची आई मुलीला कडेवर घेऊन आली. मुक्ताचा पाय अजून नीट टेकत नव्हता. सटवानं त्यांनाही चपलांच्या मागे उभं केलं. ती मात्र परत गेली नाही. उन्हात उभी राहिली.

नऊ वाजले तरी आत कोणी येईना. साहेब वैतागले. "पुढचा मतदार पाठवा!" त्यांनी आतून हाक मारली.

सटवानं पहिल्या नंबरची चप्पल अदबीनं उचलली आणि साहेबांच्या टेबलावर मतदारयादीशेजारी ठेवली.

"हे काय आहे?"

"पहिला नंबर, साहेब."

"हिचं नाव काय?"

"विचारलं. बोलत नाही."

साहेबांनी चप्पल उचलली. सटवाला वाटलं, आता चपलेला कागद देणार. साहेबांनी ती सटवाला फेकून मारली. "चपलेला मत नसतं! तुला रांगेवर ठेवणं चुकलं माझं. इकडे ये. आत बस. मतदारांच्या बोटाला शाई लाव."

सटवा शाई लावायला बसला. शाई सरकारी. वाया जाऊ नये म्हणून त्यानं काडीच्या टोकानं टिकलीएवढा ठिपका लावला. अर्ध्या तासात एक मतदार तोच ठिपका पुसून दुसऱ्यांदा आला. साहेबांनी त्याला हाकललं आणि सटवावर डोळे वटारले. "खूण अशी लावतात? खूण ठसठशीत हवी. दहा हातांवरून दिसली पाहिजे. पुसट वाटली की पुन्हा लाव. पुढून, मागून, सगळीकडून!"

"आता तसंच करीन, साहेब," सटवा म्हणाला. त्यानंतर बाजारबोरीचे मतदार मनगटापर्यंत निळे होऊन बाहेर पडले.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. सुंद्राअक्का शाळेच्या ओट्यावर बसून होत्या. दिवसभर त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड वाचलं होतं. हे उभं, हे आडवं, हे उभं, हे आडवं. त्यांचा हिशेब काठावर येऊन थांबला होता. तेवढ्यात सटवा पाणी प्यायला बाहेर आला.

"सटवा, तू मत दिलंस का रे?"

"नाही, अक्का. मला कोणी सांगितलंच नाही."

अक्का ताडकन उठल्या. मतदानाच्या जागी कोणाला मत सांगायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण जीव टांगणीला लागला होता. त्या हळूच म्हणाल्या, "मग जा की, बाबा! उभ्या झाडावर शिक्का मार. बाकी काही करू नकोस. उभ्या झाडावर शिक्का."

सटवा आत गेला. साहेबांनी त्याला कागद दिला. शिक्का आणि शाईची गादी पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवलेली होती. सटवा तिथे गेला. कागद टेबलावर ठेवला आणि पाहिला.

कागद टेबलावर आडवा पडला होता. त्यामुळे त्याच्यावरची दोन्ही झाडं आडवीच होती.

सटवानं डोकं खाजवलं. अक्कांनी तर उभ्या झाडावर म्हणून सांगितलं होतं. त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. मोकळ्या जागेत चिंच उभी होती. चांगली ताठ.

त्यानं कोरा कागद घडी करून पेटीत टाकला. शिक्का आणि गादी सदऱ्याच्या खिशात घातली आणि बाहेर पडला. साहेब घड्याळ बघत होते.

चिंचेपाशी जाऊन त्यानं शिक्का मारला. खरबरीत सालीवर ठसा पुसट उठला. मग त्यानं पुन्हा मारला. पुढून मारला, मागून मारला, छातीच्या उंचीवर सगळीकडून मारला. दहा हातांवर मागे जाऊन पाहिलं. मग आणखी मारला. पोपटशेठ पानाच्या टपरीवर उभे होते. त्यांना सगळं कळलं. ते हुशार होते.

"सटवा, रस्त्याच्या अंगाला राहिलं बघ," ते प्रेमानं म्हणाले.

सटवानं तिकडूनही मारला. खोडाभोवती निळ्या शिक्क्यांचा पट्टा झाला.

सहा वाजता मतमोजणी झाली. उभं झाड तीनशे सोळा. आडवं झाड तीनशे सोळा. एक कागद कोरा.

"समसमान," साहेब म्हणाले. "एक मत जास्त नाही. बाग नामंजूर."

पोपटशेठांच्या लोकांनी ताशा वाजवला. अक्कांना बसायला खुर्ची द्यावी लागली. "कोरा कागद टाकणारा कोण तो करंटा?" कोणीतरी ओरडलं.

"मी," सटवा म्हणाला. "पण मी शिक्का मारला ना. उभ्या झाडावर. बाहेर."

सगळं गाव बाहेर धावलं. चिंच बघून हसता हसता लोकांची पोटं दुखली. पोपटशेठ म्हणाले, "मतदान गुप्त असतं म्हणतात. याचं मत तर एसटीतूनही दिसेल!"

सुंद्राअक्का हसल्या नाहीत. त्या झाडापाशी गेल्या, शिक्के पाहिले आणि साहेबांकडे वळल्या. "साहेब, मतदाराचं नाव यादीत आहे?"

"आहे."

"शिक्का तुमचाच? वेळेच्या आत मारलाय?"

"हो, पण..."

"उभ्या झाडावर मारलाय?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. शिक्का झाडावर हवा असं त्यात होतं. झाड कागदावर हवं असं कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्याला सटवा भेटलेला नव्हता. साहेबांनी तीनदा वाचलं. शेवटी म्हणाले, "मत ग्राह्य धरायला हरकत दिसत नाही. पण आता अंधार पडतोय. उद्या दहा वाजता येऊन पाहणी करतो. शिक्का जिथे असेल तिथे मत धरीन आणि तोच निकाल."

ताशा थांबला. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीनशे सतरा! त्यांनी सटवाचे दोन्ही खांदे धरले. "सटवा, आयुष्यात एक काम नीट कर. आत्तापासून या झाडाखाली बस. शिक्क्याला कोणाला धक्का लावू देऊ नकोस. कोणी पुसेल, कोणी खरवडेल. शिक्क्याला धक्का लागला तर बाग गेली. काय सांगितलं?"

"शिक्क्याला धक्का लागता कामा नये."

"शाब्बास."

सोमवारी सकाळीही सटवा चिंचेखालीच बसलेला होता. एक जण ओला फडका घेऊन आला. सटवानं त्याला पळवलं. दुसरा खरवडायला विळा घेऊन आला. त्यालाही पळवलं. सटवानं एवढं नीट काम कधीच केलं नव्हतं.

आठ वाजता एक ट्रक येऊन थांबला. गावाबाहेर रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. तिथे तोडायच्या झाडांवर निळा गोल शिक्का मारलेला असायचा. मुकादमाला हुकूम एवढाच होता, की शिक्का दिसला की झाड पाड. शिक्का कोणी मारला, कशाला मारला, हे विचारायचा पगार त्याला मिळत नव्हता. शिवाय सकाळी पोपटशेठांनी त्याला चहा पाजून सांगितलं होतं, "गावात एक राहिलंय बघा."

मुकादमानं झाडाला फेरी मारली. "एवढे शिक्के? आमच्या साहेबांना हे फारच घाईनं पाडायचं दिसतंय. उठ रे, बाजूला हो. झाड पाडायचंय."

"पाडा," सटवा म्हणाला. "पण शिक्क्याला धक्का लागता कामा नये."

"शिक्क्याला कशाला लागेल? आम्ही बुंध्याला करवत लावतो. शिक्का वर आहे."

सटवानं वाकून पाहिलं. खरंच, शिक्का दोन हात वर होता. "मग ठीक आहे," तो म्हणाला. आणि पडताना शिक्के घासू नयेत म्हणून त्यानं स्वतः दोर धरला.

दहा वाजता साहेब आले. मागून सुंद्राअक्का आल्या, भाऊसाहेब आले, गाव आलं. चिंच रस्त्याला समांतर पडली होती. पोरं फांद्यांवर चढून हिरव्या चिंचा तोडत होती. मुकादमाचा ट्रक पुढच्या झाडाला गेला होता.

अक्कांनी आधी झाड पाहिलं, मग सटवाला. "सटव्या," त्या एवढंच म्हणाल्या. "काय केलंस हे?"

"धक्का नाही लागला, अक्का. बघा की!" सटवानं सदऱ्याच्या बाहीनं शिक्क्यावरचा भुसा पुसला. "एकूण एक ठसा जिथल्या तिथे."

साहेबांनी चष्मा लावला. ते खोडाशेजारी उकिडवे बसले. ठसे तपासले. पुस्तक उघडलं, पुन्हा ठसे पाहिले, मग झाड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. खिशातून पेन काढलं आणि निकालाच्या कागदावर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं.

"शिक्का स्पष्ट. मत वैध. शिक्का आडव्या झाडावर. आडवं झाड तीनशे सतरा."

पोपटशेठांनी ताशेवाल्याला खूण केली. अक्का तिथेच बुंध्यावर बसल्या. सटवाचा चेहरा मात्र फुलला होता. तो अक्कांजवळ जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, "काळजी करू नका, अक्का. माझं मत धरलं त्यांनी."